हातोडा नसलेला लिलाव

१९९१ सालचा उन्हाळा माझ्या पिढीला एका गोष्टीसाठी लख्ख आठवतो. देशाचे सोने गहाण पडले होते. मे महिन्यात स्टेट बँकेने सरकारने जप्त केलेल्या सोन्यापैकी २० टन सोने परत विकत घेण्याच्या अटीवर एका स्विस बँकेला विकले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोने लंडनला पाठवले आणि त्याच्या तारणावर बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून ४० कोटी डॉलर उभे केले. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीला पुरेल इतकी उरली होती. अर्थशास्त्राचे पुस्तक कधी न उघडलेल्या माणसालाही त्या बातमीचा अर्थ कळला. आईच्या बांगड्या सावकाराच्या पेटीत जाताना ज्या घरांनी पाहिल्या होत्या, त्या घरांना तो वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

पण त्याच्या पंधरा वर्षे आधी सुरू झालेला सोन्याचा एक व्यवहार आपल्यापैकी फारसा कोणाला आठवत नाही. १९७६ ते १९८० या चार वर्षांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने एकामागून एक ४५ जाहीर लिलाव करून अडीच कोटी औंस, म्हणजे सुमारे ७७८ टन सोने विकले. त्या सोन्यात भारताचाही वाटा होता. विक्रीचा नफा गरीब देशांसाठी वापरायचा, असे ठरले होते आणि त्या गरीब देशांतही भारत होता. म्हणजे विकणाऱ्यांत आपण होतो आणि लाभ घेणाऱ्यांतही आपणच होतो. गहाणाची आठवण राहते, विक्रीची राहत नाही, हे घरातही असेच असते. तरीही श्रीमंत देशांच्या आर्थिक सत्तेबद्दल गरीब देशांच्या मनात जी चीड साठून आहे, ती समजून घ्यायची तर १९९१च्या गहाणापेक्षा १९७६च्या लिलावाकडे पाहावे असे मला वाटते. गहाण टाकताना निदान आपण अडचणीत आहोत हे उघड असते. लिलावात सगळे कसे नियमाने, चोख आणि परोपकारी दिसते.

सोने तिथे पोहोचले कसे

जुलै १९४४मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी नाणेनिधीचा आराखडा ठरवला. भारत अजून पारतंत्र्यात होता, तरी त्याचे स्वतंत्र शिष्टमंडळ तिथे होते आणि त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. या शिष्टमंडळाने दोन गोष्टींसाठी जोर लावला. पहिली म्हणजे भारताचा कोटा वाढवून मिळावा. दुसरी म्हणजे युद्धकाळात ब्रिटनकडे साठलेल्या भारताच्या पौंडांच्या येण्याचा प्रश्न या नव्या संस्थेने हाताळावा. पहिल्या मागणीला बऱ्यापैकी यश आले आणि भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला. दुसरी मागणी फेटाळली गेली. त्या वेळी भारत ब्रिटनचा सावकार होता, पण आपले येणे कधी आणि कसे वसूल करायचे हे ठरवण्याचा अधिकार सावकाराला नव्हता. पुढच्या सगळ्या कथेत हे सूत्र पुन्हा पुन्हा दिसेल.

नाणेनिधीचा सभासद होताना प्रत्येक देशाने आपल्या कोट्याचा ठरावीक भाग सोन्यात भरायचा होता. सर्वसाधारण प्रमाण चौथ्या हिश्श्याचे होते. ज्यांची गंगाजळी लहान होती त्यांना त्यात सवलत होती. सोन्याचा अधिकृत भाव होता औंसाला ३५ डॉलर. सोन्याच्या व्यवहारातला औंस ३१.१ ग्रॅमचा, म्हणजे आपल्या जुन्या हिशेबाने अडीच तोळ्यांहून थोडा अधिक. हे सोने कुठे ठेवायचे हेही घटनेत लिहिले होते : निम्मे सोने अमेरिकेत, आणि किमान ४० टक्के सर्वांत मोठा कोटा असलेल्या इतर चार देशांत. सोव्हिएत संघ परिषदेला येऊनही नाणेनिधीत सामील झाला नाही, त्यामुळे क्रमाने भारत पाचवा ठरला आणि भांडार असलेल्या देशांत आपले नाव आले. जगाच्या तिजोरीची एक खोली आपल्याकडे होती, पण किल्ली आपल्याकडे होती असे मात्र म्हणता येणार नाही.

पुढच्या तीसेक वर्षांत सभासद वाढले, कोटे वाढले आणि नाणेनिधीकडे सुमारे १५ कोटी औंस, म्हणजे ४,६०० टनांहून अधिक सोने जमा झाले. त्यात अमेरिकेचे आणि फ्रान्सचे सोने होते, तसेच घाना, श्रीलंका, बोलिव्हिया अशा देशांनी आपल्या तुटपुंज्या गंगाजळीतून भरलेले सोनेही होते.

तीन पक्ष, एक तडजोड

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले आणि ब्रेटन वूड्सच्या व्यवस्थेचा पाया निखळला. खुल्या बाजारात सोन्याचा भाव चढत गेला. १९७४ संपताना तो २०० डॉलरच्या जवळ पोहोचला होता, तर अधिकृत भाव ४० डॉलरच्या आसपास अडकून पडला होता. अशा वेळी अधिकृत भावाने सोने द्यायला कोण तयार होणार? मध्यवर्ती बँकांचे आणि नाणेनिधीचे सोने तिजोरीत जणू गोठून गेले.

या गोठलेल्या सोन्याचे काय करायचे याबद्दल तीन पक्ष होते. अमेरिकेला सोन्याला चलनव्यवस्थेतून कायमचे बाहेर काढायचे होते. सोने बाजूला झाले की डॉलरला तुल्यबळ असे काही उरत नव्हते. फ्रान्सला नेमके उलटे हवे होते. द गॉल यांनी १९६५मध्येच डॉलरच्या मक्तेदारीवर जाहीर टीका करून सोन्याची बाजू घेतली होती. फ्रान्सकडे सोने भरपूर होते, त्याला बाजारभावाने किंमत मिळावी आणि नाणेनिधीत भरलेले सोने परत मिळावे, अशी त्याची इच्छा होती. तिसरा पक्ष विकसनशील देशांचा. १ मे १९७४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा जाहीरनामा संमत केला होता. तेलाचे भाव चौपट झाल्याने तेल आयात करणारे गरीब देश कर्जात बुडत होते. नाणेनिधी जे नवे राखीव चलन, एसडीआर, निर्माण करतो त्याची सांगड विकासाच्या मदतीशी घालावी, ही त्यांची जुनी मागणी श्रीमंत देशांनी मान्य केली नव्हती.

डिसेंबर १९७४मध्ये अमेरिकेचे आणि फ्रान्सचे अध्यक्ष मार्टिनिक बेटावर भेटले आणि सरकारांनी आपल्या सोन्याची किंमत बाजारभावाने धरायला हरकत नाही, असे दोघांत ठरले. ऑगस्ट १९७५मध्ये नाणेनिधीच्या अंतरिम समितीत तडजोडीचा आकार पक्का झाला आणि जानेवारी १९७६मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. नाणेनिधीचे एक षष्ठांश सोने, म्हणजे अडीच कोटी औंस, सभासदांना त्यांच्या कोट्याच्या प्रमाणात जुन्या अधिकृत भावाने परत द्यायचे. दुसरे एक षष्ठांश बाजारात लिलावाने विकायचे आणि अधिकृत भावाच्या वर जे मिळेल ते विकसनशील देशांच्या उपयोगासाठी ठेवायचे. उरलेले दोन तृतीयांश जागच्या जागी.

पाहा, प्रत्येकाला काही ना काही मिळाले. सोने विकले जाणार म्हणून अमेरिका खूश, सोने परत मिळणार म्हणून फ्रान्स खूश, आणि गरिबांना मदत. अशी तडजोड तोलूनमापून केलेली वाटते. तिचे वजन तपासायचे तर तागडीच्या दोन्ही पारड्यांत काय होते ते पाहावे लागते.

लिलाव चाले कसा

लिलाव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हातोडा, बोली आणि गर्दी येते. मध्यवर्ती बँकांच्या लिलावात यातले काही नसते. किती सोने, कोणत्या तारखेला आणि कुठे ताब्यात मिळणार हे आधी जाहीर होते. खरेदीदार, म्हणजे मोठ्या बँका आणि सराफी पेढ्या, आपला भाव आणि वजन लिहून बंद निविदा पाठवतात. विकणारा त्या भावाच्या उतरत्या क्रमाने लावतो आणि वरून मोजत माल संपेपर्यंत येतो. इथे दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत, माल संपताना जो सर्वांत कमी भाव स्वीकारला गेला तोच सगळ्या यशस्वी खरेदीदारांना लागतो. दुसरीत ज्याने जो भाव लिहिला तो त्याने द्यायचा. नाणेनिधीने दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या. माल म्हणजे सुमारे ४०० औंसांच्या, साडेबारा किलोंच्या विटा.

२ जून १९७६ रोजी पहिला लिलाव झाला. ७ लाख ८० हजार औंस सोने औंसाला १२६ डॉलर भावाने गेले. पुढच्या लिलावात भाव आणखी उतरला आणि ऑगस्टअखेर बाजारात तो १०५ डॉलरच्याही खाली आला. दर सहा आठवड्यांनी इतके सोने बाजारात येणार हे सर्वांना माहीत असल्यावर दुसरे काय होणार? बाजारसमितीत उद्या किती गाड्या कांदा येणार हे आधीच कळले तर आजचा भाव कोणत्या दिशेला जातो, हे आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. पुढे लिलाव महिन्याला एक झाले, प्रत्येक वेळचे वजन कमी केले गेले आणि महागाईच्या लाटेवर भावही वर गेला. २१ जानेवारी १९८० रोजी त्याने ८५० डॉलरचे शिखर गाठले. ७ मे १९८० रोजी शेवटचा लिलाव झाला तेव्हा भाव ५०० डॉलरच्या आसपास होता.

याच काळात अमेरिकेचा अर्थविभागही आपले सोने लिलावाने विकत होता. १९७५मध्ये दोनदा आणि मग मे १९७८पासून दीड वर्ष दर महिन्याला. आणि भारतही. १९७८मध्ये जनता सरकारने सोन्याची तस्करी आणि चढा भाव यांना आळा घालण्यासाठी रिझर्व्ह बँकेमार्फत सरकारी साठ्यातील सुमारे १३ टन सोने लिलावात विकले. तस्करी थांबली नाही, भावही उतरला नाही आणि त्याच वर्षी ते लिलाव बंद करावे लागले. तेव्हाचे गव्हर्नर आय. जी. पटेल या कल्पनेच्या बाजूने नव्हते. लिलावात आपले सोने चुकीच्या वेळी विकण्याची कला एकट्या परदेशी सरकारांनाच अवगत आहे असे नाही, एवढे यावरून मान्य करायला हवे.

पारड्यांचा हिशेब

नाणेनिधीच्या ४५ लिलावांतून ४६० कोटी डॉलर नफा झाला. त्यापैकी १३० कोटी डॉलर १०४ विकसनशील देशांना थेट वाटले गेले. उरलेले ३३० कोटी ट्रस्ट फंड नावाच्या खात्यात गेले आणि तिथून ५५ गरीब देशांना अर्धा टक्का व्याजाने कर्जाऊ दिले गेले.

४६० कोटींचे १३० कोटी म्हणजे २८ टक्के. हा आकडा कुठून आला? नाणेनिधीच्या एकूण कोट्यात विकसनशील देशांचा वाटा तेवढा होता. म्हणजे त्यांना थेट जे मिळाले ते त्यांच्याच भागाच्या सोन्याचे पैसे होते. त्याला मदत म्हणणे म्हणजे सामाईक घर विकून धाकट्या भावाला त्याचा हिस्सा द्यायचा आणि वर उपकाराची भाषा करायची. श्रीमंत देशांनी खरोखर सोडले ते उरलेले ७२ टक्के, आणि ते दान म्हणून दिले नाहीत, परतफेडीच्या कर्जाच्या रूपाने दिले. व्याज नाममात्र होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाजारात त्या वेळी व्याजाचे दर दोन आकड्यांत गेले होते.

आता दुसरे पारडे. परत दिलेले अडीच कोटी औंस सोने कोट्याच्या प्रमाणात वाटले गेले. अमेरिकेचा कोटा २३ टक्क्यांच्या घरात, म्हणजे तिच्या वाट्याला सुमारे ५७ लाख औंस आले. भारताचा कोटा तेव्हा ९४ कोटी एसडीआर होता, एकूण कोट्याच्या ३.२ टक्के. त्या हिशेबाने आपला वाटा आठ लाख औंसांचा, सुमारे २५ टनांचा. हे सोने औंसाला ३५ एसडीआर या भावाने, चार वार्षिक हप्त्यांत मिळत होते. पहिल्या हप्त्याच्या वेळी बाजारभाव या किमतीच्या तिपटीहून अधिक होता आणि शेवटच्या वेळी, १९७९ सरताना, पाचशे डॉलरच्या आसपास गेला होता. या पारड्यातला ७२ टक्के लाभ श्रीमंत देशांना मिळाला. त्याला कर्ज म्हटले गेले नाही, त्यावर अटी नव्हत्या आणि ते विकावे की ठेवावे हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. एकाच तडजोडीत एकाच वजनाचे सोने दोन वाटांनी गेले. एका वाटेने गेलेल्या सोन्याला मालमत्ता म्हटले गेले आणि दुसऱ्या वाटेने गेलेल्याला मदत.

ट्रस्ट फंडाच्या कर्जाचे पुढे काय झाले ते फारसे सांगितले जात नाही. भारताला १९८०मध्ये त्यातून ५२.९ कोटी एसडीआर मिळाले, एकूण कर्जाच्या सहाव्या हिश्श्याहून थोडे अधिक. अट अशी की साडेपाच वर्षांनंतर फेड सुरू करायची आणि दहा वर्षांत ती संपवायची. ही कर्जे परत येऊ लागली तेव्हा मार्च १९८६मध्ये नाणेनिधीने त्या पैशातून संरचनात्मक समायोजनाची नवी कर्जसुविधा उभी केली. समायोजन हा शब्द आफ्रिकेतल्या अनेक देशांत पुढे शिवीसारखा वापरला गेला. अनुदाने कमी करा, चलनाचे अवमूल्यन करा, सरकारी नोकऱ्या घटवा, अशा अटी त्या कर्जांसोबत आल्या. त्यातल्या काही सुधारणा आवश्यक होत्या, यावर वाद घालता येईल. पण पैसा मुळात कोणाचा होता ते विसरता येत नाही. गरीब देशांच्या नावाने विकलेल्या सोन्याचे पैसे एकदा कर्ज म्हणून गेले, परत आले आणि पुन्हा अटींसह कर्ज म्हणून गेले. भारत आणि चीन यांनी आपण या सुविधेतून काही घेणार नाही असे सांगितले, जेणेकरून छोट्या देशांना पैसा पुरावा. श्रीमंतांच्या औदार्याच्या कथा आपण खूप ऐकतो, ही एक दुसऱ्या बाजूची.

मग नुकसान झाले का?

इथे एक मोह टाळला पाहिजे. ते अडीच कोटी औंस सोने ठेवले असते तर? २०२४मध्ये भाव अडीच हजार डॉलरवर गेला होता. त्या हिशेबाने त्या सोन्याची किंमत ६,२५० कोटी डॉलर होते. कुठे ४६० कोटी आणि कुठे ६,२५० कोटी! सभेत टाळ्या मिळवायला हा आकडा उत्तम आहे.

पण सोने अंडी घालत नाही. तेच ४६० कोटी डॉलर १९८०मध्ये वार्षिक पाच टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर ४४ वर्षांत त्यांचे सुमारे ३,९०० कोटी झाले असते. सात टक्क्यांनी ठेवले असते तर सुमारे ९,०००. म्हणजे सोने ठेवून फायदा झाला असता की तोटा, हे व्याजाच्या दोन टक्क्यांवर अवलंबून आहे. शिवाय १९८०नंतर वीस वर्षे सोन्याचा भाव मुख्यतः घसरतच गेला. तेलाचे बिल भरण्यासाठी तेव्हा पैसे हवे असलेल्या देशाला २०२४चा भाव काय कामाचा?

म्हणून भावाच्या गणितावर उभी राहिलेली चीड फार टिकत नाही. खरी तक्रार वेगळी आहे. विकायचे की नाही, केव्हा विकायचे, किती विकायचे आणि पैशाचे काय करायचे, हे ठरवले कोणी? नाणेनिधीचे सोने विकायला ८५ टक्के मतांची गरज लागते. एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांहून अधिक मते आहेत. बाकीचे सगळे जग एका बाजूला आणि अमेरिका दुसऱ्या बाजूला असेल तर विक्री होत नाही. आपल्या संस्थेच्या तिजोरीतले सोने विकायचे की नाही हे शेवटी वॉशिंग्टनच्या संसदेत ठरते. लिलावाला हातोडा नसतो असे मी वर म्हटले. तो असतो, फक्त लिलावाच्या दालनात नसतो.

१९९९ : दोन गरिबांमधले भांडण

७ मे १९९९ रोजी ब्रिटनने आपल्या ७१५ टन सोन्यापैकी निम्म्याहून अधिक सोने लिलावाने विकण्याचे जाहीर केले. अर्थमंत्री होते गॉर्डन ब्राउन. युक्तिवाद साधा होता : सोन्यावर व्याज मिळत नाही आणि सगळी गंगाजळी एका वस्तूत अडकवू नये. घोषणेच्या वेळी भाव २८० डॉलरच्या थोडा वर होता. ६ जुलैला पहिला लिलाव झाला तेव्हा २५ टन सोने २६१ डॉलर २० सेंट भावाने गेले आणि मग भाव अडीचशेच्या जवळ घसरला. मार्च २००२पर्यंत १७ लिलावांत सुमारे ३९५ टन सोने सरासरी २७५ डॉलरने विकले गेले. वीस वर्षांतल्या नीचांकाला ब्राउन यांचे नाव लागले ते कायमचे.

ब्रिटनमध्ये यावर अजून विनोद होतात. दक्षिण आफ्रिकेत तो विनोद नव्हता. तिथल्या सोन्याच्या खाणींत १९८०च्या दशकात पाच लाखांहून अधिक कामगार होते. शतक संपताना ते निम्म्याहून कमी उरले होते. खाणी खोल गेल्या होत्या, खर्च वाढला होता, ही कारणे होतीच. त्यात भाव पडला. एकेका कामगाराच्या पगारावर गावाकडची आठ-दहा माणसे जगत. त्यांतली कित्येक गावे लेसोथो आणि मोझांबिकमध्ये होती. खाणकामगारांच्या संघटनांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने लंडनला निषेध कळवला.

त्याच वर्षी दुसरा प्रस्ताव आला. अतिकर्जबाजारी गरीब देशांची कर्जे माफ करण्यासाठी नाणेनिधीने एक कोटी औंसांपर्यंत सोने विकावे. पाठिंबा देणारे श्रीमंत देशांचे नेते होते आणि कर्जमाफीसाठी झटणाऱ्या चर्चशी संबंधित संघटनाही होत्या. हेतूत खोट नव्हती. पण ज्यांची कर्जे माफ व्हायची त्यांतल्या घाना, माली, टांझानिया अशा कित्येक देशांत सोन्याच्या खाणी होत्या. एका हाताने कर्ज माफ करायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्या मालाचा भाव पाडायचा, असा तो प्रकार झाला असता.

शेवटी जो तोडगा निघाला तो एखाद्या चतुर मुनिमाला शोभेल असा होता. डिसेंबर १९९९ ते एप्रिल २००० या काळात नाणेनिधीने सुमारे १ कोटी २९ लाख औंस सोने ब्राझील आणि मेक्सिको यांना बाजारभावाने विकले आणि त्यांनी तेच सोने लगेच नाणेनिधीचे देणे फेडण्यासाठी परत दिले. एकही वीट जागची हलली नाही. वहीत मात्र जुन्या भावाचे सोने नव्या भावाचे झाले आणि फरक कर्जमाफीच्या खात्यात गेला. हे इतके सोपे होते तर १९७६मध्ये का सुचले नाही, हा प्रश्न मला हे वाचताना पडला. उत्तर बहुधा असे की तेव्हा सोने बाजारात आणून त्याची चलनातली प्रतिष्ठा उतरवणे हाच एका बलाढ्य पक्षाचा हेतू होता.

२६ सप्टेंबर १९९९ रोजी युरोपातल्या १५ मध्यवर्ती बँकांनी पाच वर्षे मिळून वर्षाला ४०० टनांहून जास्त सोने विकायचे नाही असे जाहीर केले. भाव दोन आठवड्यांत उसळून ३२५ डॉलरच्या आसपास गेला. खाणवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल? घानाच्या अशांती गोल्डफील्ड्स या कंपनीने भाव पडत राहणार असे धरून भविष्यातले सोने आधीच ठरलेल्या भावाने विकण्याचे प्रचंड करार केले होते. भाव चढताच परदेशी बँकांनी वाढीव तारण मागितले आणि घानाची ही मानाची कंपनी दिवाळखोरीच्या काठावर आली. भाव पडला तेव्हा मरण आणि चढला तेव्हाही मरण. ज्याच्या हातात निर्णय नसतो त्याचे असेच होते.

विटा घरी आल्या

२००९मध्ये नाणेनिधीने पुन्हा ४०३ टन सोने विकायला काढले. या वेळी अमेरिकी संसदेची मंजुरी आधी घेतली गेली. ऑक्टोबरच्या अखेरच्या पंधरवड्यात रिझर्व्ह बँकेने त्यातले २०० टन सोने ६७० कोटी डॉलर मोजून विकत घेतले, औंसाला सुमारे १,०४५ डॉलर भावाने. १९९१मध्ये ज्याने ४७ टन गहाण टाकले त्याने अठरा वर्षांनी २०० टन रोखीने घेतले. श्रीलंका आणि बांगलादेश यांनी प्रत्येकी १० टन आणि मॉरिशसने २ टन घेतले. लिलाव न करता मध्यवर्ती बँकांना थेट विकल्यामुळे बाजार कोसळला नाही. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालेला नफा पुढे गरीब देशांच्या सवलतीच्या कर्जांकडे वळवला गेला. १९७६ आणि १९९९चे धडे कोणीतरी गिरवले होते.

आणि २०२४च्या मे महिन्यात बातमी आली की रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमध्ये ठेवलेले १०० टन सोने भारतात आणले. मार्चअखेर आपल्या ८२२ टनांपैकी ४०८ टन देशात होते. रशियाची सुमारे ३० हजार कोटी डॉलरची गंगाजळी २०२२मध्ये पाश्चात्त्य देशांनी गोठवली आणि व्हेनेझुएलाचे सोने बँक ऑफ इंग्लंडच्या तळघरात वर्षानुवर्षे कोर्टकज्ज्यात अडकले. त्या सरकारांबद्दल आपले मत काहीही असो, दुसऱ्याच्या तिजोरीतले आपले सोने किती आपले, हा प्रश्न त्यामुळे प्रत्येक मध्यवर्ती बँकेला पडला.

या बातमीने पुष्कळांना समाधान वाटले, मलाही वाटले. पण विटा मुंबईत वा नागपुरात आल्याने प्रश्न संपत नाही. नाणेनिधीत अजून नऊ कोटी औंसांहून अधिक सोने आहे. पुढच्या एखाद्या संकटात ते विकण्याचा प्रस्ताव येईल, गरिबांच्या नावाने येईल, आणि तेव्हाही ८५ टक्क्यांचा नियम असेल. १९४४मध्ये चिंतामणराव देशमुख आणि त्यांचे सहकारी ज्या कोट्यासाठी झगडले, तो झगडा खरे तर याच टक्क्यांचा होता. आज भारताकडे पावणेतीन टक्क्यांहून कमी मते आहेत.

श्रीमंत देशांविषयीची चीड आपल्याकडे बहुतेक वेळा लुटीच्या भाषेत बोलली जाते. १९७६च्या लिलावात कोणी काही लुटले नाही. सगळे नियमाप्रमाणे झाले, पावत्या दिल्या गेल्या, हिशेब छापले गेले. नियम कोणी केले, एवढेच त्या हिशेबात लिहिलेले नाही. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. ती वही आपल्या हातची आहे की दुसऱ्याच्या, हेही त्या दिवशी पाहून घ्यावे.